काजळीच्या कागदावरील एक लोकगीत आणि त्याचे दोन पाठ

ताम्रपटांतील शकवर्ष ‘गत’ कीं ‘वर्तमान’ हें ठरल्यावांचून तिथिवार जुळत नाहींत, हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. आंकडा बिनचूक वाचला, पण तो कशाचा आंकडा हें चुकलें, म्हणजे सारें गणित बिघडतें. अशाच एका चुकीनें २००८ सालीं एका प्रौढ पुरुषाचें गाणें जगास मुलीच्या आवाजांत ऐकूं आलें. तें गाणें ज्या कागदावर आहे त्याची हकीकत येथें देत आहें.

एदुआर-लेऑं स्कॉट द मार्तँव्हिल (१८१७–१८७९) हा पॅरिसमधील मुद्रणाच्या धंद्यांतला मनुष्य. शारीरशास्त्राच्या एका ग्रंथाचीं मुद्रितें तपासतांना कानाची रचना त्याच्या नजरेस पडली, व तिच्या धर्तीवर त्यानें ‘फोनॉटोग्राफ’ नांवाचें यंत्र रचून १८५७ सालीं त्याचें पेटंट घेतलें. पिंपासारख्या नळ्याच्या तोंडाशीं बोलावें. दुसऱ्या टोकाचा पडदा थरथरे व त्यास जोडलेला राठ केंस, हातानें फिरविलेल्या नळकांड्यावरील काजळी धरलेल्या कागदावर नागमोडी रेघ ओढी. हा आवाज पुन्हां ऐकावा असें स्कॉटच्या मनांतहि नव्हतें. ती रेघ डोळ्यांनीं वाचावयाची होती. म्हणजे त्याच्या लेखीं ही एक लिपीच होती. एडिसनचा बोलका फोनोग्राफ त्यानंतर वीस वर्षांनीं, १८७७ सालीं, आला.

ता. ९ एप्रिल १८६० रोजीं स्कॉटनें ‘ओ क्लेर द ला ल्यून’ या, फ्रान्समध्यें मुलांच्याहि तोंडीं असलेल्या लोकगीताचा तुकडा असा उतरविला. गाणारा बहुधा तो स्वतःच. कागद १८६१ सालीं पॅरिसच्या विज्ञान अकादमीकडे ठेव म्हणून गेला. डेव्हिड जिओव्हानोनी, पॅट्रिक फीस्टर इत्यादि संशोधकांनीं २००८ सालीं त्याची सूक्ष्म प्रतिमा घेवविली व अमेरिकेंतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेंत संगणकाच्या साह्यानें त्या रेघेचा पुन्हां आवाज केला.

येथें मुख्य अडचण हाताची. हातानें फिरणारें नळकांडें कधीं जलद, कधीं मंद. त्यामुळें रेघ कोठें ताणलेली, कोठें दाटलेली. परंतु आवाजाच्या रेघेशेजारीं स्कॉटनें नादकांट्याची रेघहि उमटविली होती. नादकांट्याचीं कंपनें समान कालाचीं असतात. तेव्हां तिच्या लाटा जेथें दाटल्या तेथें कागद ताणावा, जेथें विरळ तेथें आंखडावा, कीं शेजारचें गाणें आपोआप ठिकाणावर येतें. पोथीच्या समासांतील मात्रांची मोजपट्टीच म्हणावयाची!

घोटाळा झाला तो या मोजपट्टींत. नादकांटा सेकंदास ५०० कंपनांचा धरला गेला. पण त्या काळच्या फ्रेंच रिवाजाप्रमाणें जाणें एक आणि येणें एक असें मोजीत; आपण जाऊन-येऊन एक कंपन मोजतों. म्हणजे खरा आंकडा २५०. गति दुप्पट झाली, स्वर एक सप्तक वर चढला, आणि पुरुषाची मुलगी झाली. त्याच संशोधकांनीं २००९ सालीं ही चूक शोधून सुधारलेला पाठ प्रसिद्ध केला, हें त्यांस भूषणावह आहे. मीं दोन्ही पाठ ऐकले. पहिला गोड आहे, दुसरा घोगरा व रेंगाळणारा. कित्येकांस अजून पहिलाच आवडतो. पण गोडीवर पाठ ग्राह्य ठरूं लागला तर आपण सारे प्रक्षेपच छापीत बसूं.

दुसरा पाठ निघूं शकला तो मूळ कागद कोणीं ‘साफ’ केला नव्हता म्हणून. उलट, १८५७ चे त्याचे कागद नादकांट्याच्या रेघेविना आहेत. त्यांची गति ठरविण्यास आधारच नाहीं. स्कॉटच्या या कागदांचा समावेश २०१५ सालीं युनेस्कोच्या जागतिक स्मृति-नोंदवहींत झाला.

आमच्यापैकीं पुष्कळांच्या संग्रहीं पोथ्यांबरोबर जात्यावरच्या ओव्यांच्या, भजनांच्या घरगुती ध्वनिफितीहि आहेत. जुन्या टेपरेकॉर्डरची फीत बहुधा सेकंदास पावणेचार इंच किंवा साडेसात इंच चाले. म्हणजे पुन्हां तीच दुप्पट. ती गति पुष्कळदां डबीवर पेन्सिलीनें लिहिलेली असते, आणि नवी प्रत होतांच पहिल्यानें टाकून दिली जाते ती डबीच.