पेन्शन फौजीची, धावपळ वहिनींची

सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या कुठल्याही गावात फौजेत गेलेल्या माणसांची घरं सापडतात. अशा एखाद्या घरात नोकरीवर असताना मणक्याला मार बसून कमरेखाली लुळा झालेला जवान असतो. दर दोन तासांनी त्याची कूस बदलायची, पाठीवर, टाचांवर लाल चट्टा उठलाय का ते पाहायचं, लघवीची पिशवी रिकामी करायची, रात्री दोनदा उठायचं. हे सगळं बायको करते. सरकारी कामालाही तीच जाते. कागदोपत्री मात्र ती फक्त ‘अवलंबित’. कार्यालयातल्या रांगेत, बँकेत आणि नातेवाइकांच्या तोंडून तिला जे ऐकायला मिळतं त्यात अर्धवट माहिती इतकी असते की हक्काचे पैसे वर्षानुवर्षं पडून राहतात.

सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘लढाईत गोळी लागली असेल तरच अपंगत्वाची पेन्शन’. हे खरं नाही. अपंगत्व सैनिकी सेवेमुळे आलेलं किंवा सेवेमुळे वाढलेलं असावं आणि ते २० टक्के किंवा अधिक ठरावं, अशी मूळ अट आहे. शांततेच्या ठाण्यावर, ड्युटी बजावताना झालेला अपघातही यात बसू शकतो, आजारही बसू शकतो. धरमवीर सिंग खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल तर तो सेवेमुळे झाला असं गृहीत धरायचं. तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सैनिकाची नाही, लष्कराची. सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले आहेत, त्यामुळे त्यानंतर बाहेर पडलेल्यांनी ते वेगळे तपासावेत. उलट बाजूचा गैरसमजही तितकाच त्रास देतो: पेन्शनीत येऊन पंधरा वर्षं झाल्यावर पक्षाघात झाला, तर केवळ माजी सैनिक म्हणून अपंगत्व पेन्शन सुरू होत नाही.

टक्केवारीचं एक गणित बऱ्याच घरांना कुणी सांगतच नाही. मेडिकल बोर्डाने ३० टक्के लिहिलं असेल तर पेन्शनसाठी ते ५० धरलं जातं. ५० ते ७५ मधलं ७५ धरतात आणि ७६ पासून पुढचं १००. पूर्वी हा लाभ अपंगत्वामुळे सेवेतून मुदतीआधी काढलेल्यांनाच मिळे. राम अवतार खटल्यात १० डिसेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो मुदत पुरी करून निवृत्त झालेल्या पात्र सैनिकांनाही लागू केला. जुन्या पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, अजून ३० किंवा ४० टक्केच दिसत असतील तर विचारणा करावीच.

‘सिव्हिल हॉस्पिटलचा ८० टक्क्यांचा दाखला आहे, मग पेन्शन का वाढत नाही?’ कारण दोन्ही कागद वेगळ्या कामाचे आहेत. दिव्यांग प्रमाणपत्र २०१६ च्या कायद्याखाली मिळतं, त्यावर एसटीची सवलत किंवा दिव्यांग योजना मिळतात. पेन्शनची टक्केवारी फक्त लष्करी मेडिकल बोर्ड ठरवतं. मान्य झालेलं अपंगत्व नंतर वाढलं असेल तर रेकॉर्ड ऑफिसकडे पुनर्तपासणीच्या बोर्डाची मागणी करावी लागते.

आता घरात होणाऱ्या सेवेबद्दल. ‘घरच्या बाईने केलेल्या सेवेचे पैसे कोण देणार?’ असं म्हणून विषय संपवला जातो. मला याचा मनापासून राग येतो, कारण नियमात यासाठी तरतूद आहे. तिला कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स, म्हणजे सतत सोबत लागणाऱ्या माणसासाठीचा भत्ता म्हणतात. अपंगत्व १०० टक्के असावं, सतत माणूस लागण्याचं कारण तेच मान्य झालेलं अपंगत्व असावं आणि मेडिकल बोर्डाने तशी स्पष्ट शिफारस केलेली असावी. जुलै २०१७ पासून हा भत्ता महिना ६,७५० रुपये ठरला आणि महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की त्यात २५ टक्के वाढ होते. तो बायकोचा पगार नाही, फौजीच्याच पेन्शनसोबत जमा होतो. १०० टक्के अपंगत्व लिहिलं म्हणून तो आपोआप सुरू होत नाही. म्हणून बोर्डाला जाताना घरची परिस्थिती तोंडी सांगून भागवू नये. आंघोळ, शौच, जेवण, कूस बदलणं यांपैकी काय काय दुसऱ्याच्या हातून करावं लागतं ते डॉक्टरांकडून लिहून घ्यावं, आणि बोर्डाच्या कागदावर भत्त्याच्या शिफारशीचा उल्लेख आला की नाही हे तिथेच पाहावं.

चित्र उलटं असेल, म्हणजे फौजी धडधाकट आणि बायको अंथरुणाला खिळलेली, तर हा भत्ता मिळत नाही. तो सैनिकाच्या स्वतःच्या अपंगत्वासाठीच आहे. अशा घराला आधार ईसीएचएसचा, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा. शिवाय जुन्या करप्रणालीने विवरण भरणाऱ्याला अवलंबित दिव्यांग पत्नीसाठी उत्पन्नातून ७५,००० रुपयांची वजावट मिळते, अपंगत्व ८० टक्के किंवा अधिक असेल तर १,२५,००० ची. त्यासाठी तिचं दिव्यांग प्रमाणपत्र मात्र हवं.

ईसीएचएस ही योजना १ एप्रिल २००३ पासून आहे. तिच्यात पॉलिक्लिनिकमधली औषधं, पॅनेलवरच्या रुग्णालयातले उपचार, कृत्रिम अवयव, चाकाची खुर्ची हे बसतं. घरी ठेवलेल्या आयाचा किंवा रात्रपाळीच्या नर्सचा पगार बसत नाही. जिवावर बेतलं आणि जवळचं रुग्णालय पॅनेलवर नसलं तर ‘आता सगळा खर्च अंगावर’ असंही समजू नये. दोन दिवसांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवलं तर सरकारी दराने भरपाई मागता येते. न कळवणं हीच तिथली मोठी अडचण ठरते.

हयातीच्या दाखल्यासाठी अंथरुणावरच्या माणसाला रिक्षात घालून नेणारी घरं अजून आहेत. त्याची गरज नाही. २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल दाखल्याची सोय आहे, २०२१ पासून मोबाइलसमोर चेहरा धरूनही दाखला देता येतो आणि थोडं शुल्क घेऊन पोस्टमन घरी येऊन काम करतो. पेन्शन संरक्षण खात्याच्या ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीतून येत असेल तर अर्जात पेन्शन देणारी संस्था म्हणून बँक निवडायची नाही, स्पर्श – पीसीडीए पेन्शन्स हा पर्याय निवडायचा. पैसे बँकेतच जमा होतात, त्यामुळे ही चूक सहज होते आणि दाखला भलत्याच ठिकाणी जातो.

सही करता येत नाही म्हणून पैसे अडवले जातात, तिथेही नियम बाईच्या बाजूने आहे. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे आजारी खातेदाराच्या अंगठ्याचा, तोही शक्य नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. ओळख पटवायला दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. पेन्शनचं खातं आधीच दोघांच्या नावे करून घेतलं असेल तर हा प्रसंग येतच नाही.

‘त्यांच्यामागे ही सगळी पेन्शन मला मिळेल.’ हा गैरसमज बोलायला अवघड, पण कुणीतरी वेळेत सांगायला हवा. अपंगत्वाचा भाग आणि अटेंडन्सचा भत्ता फौजीबरोबर थांबतो. पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं आणि त्याचा हिशेब वेगळा असतो. साधा दर शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के, मृत्यू सेवेशी जोडलेल्या कारणाने झाला तर अधिक. ते सुरू व्हायला तिचं नाव आणि जन्मतारीख पीपीओत बरोबर असावी लागते. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलण्याची रीत होती. त्यामुळे सैन्याच्या कागदावर सासरचं नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं आणि आधारवर तिसरंच, असं सर्रास असतं. नवरा हयात असताना, त्याच्या सही-अंगठ्यावर ही दुरुस्ती कितीतरी सोपी जाते. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला जातो. मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांसाठी ते बेळगावला आहे.

ज्यांना पेन्शनच नाही त्यांनीही जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय टाळू नये. हवालदार पदापर्यंतच्या, पेन्शन नसलेल्या ६५ वर्षांवरच्या गरजू माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून अनुदान मिळतं; १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ते महिना ४,००० वरून ८,००० रुपये झालं आहे.

शेवटचा गैरसमज ‘आता फार उशीर झाला’ हा. पेन्शनचा हक्क दर महिन्याला नव्याने नाकारला जात असतो, त्यामुळे जुनं प्रकरण केवळ जुनं म्हणून मरत नाही. तरसेम सिंग हे सैनिक १९८३ साली सेवेतून बाहेर पडले आणि १९९९ साली न्यायालयात गेले. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांची थकबाकी याचिकेच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच मान्य केली. आज दाद मागितली तर साधारणपणे मागची तीन वर्षं हाती लागू शकतात. वर्षभर थांबलं की त्यातल्या सगळ्यात जुन्या वर्षाचे पैसे गेले.