लाल न दिसणारी फिल्म

लोखंडाच्या आत डोकावता येतं का? भोसरी-चाकण पट्ट्यात हे नेहमीचं काम आहे. कास्टिंगच्या एका बाजूला इरिडियम-१९२चा किरणोत्सारी स्रोत ठेवतात, दुसऱ्या बाजूला फिल्मचा मोठा ताव. आत ब्लोहोल, म्हणजे पोकळी, असेल तिथे धातू कमी, म्हणून गॅमा किरण जास्त पोचतात आणि फिल्म तिथे काळी पडते. लेन्स नाही, तरी चित्र तयार!

याच कुळातली दवाखान्याची एक्स-रे फिल्म घेऊन तुम्हाला लार्ज फॉरमॅट छायाचित्रण सुरू करता येतं. लार्ज फॉरमॅट म्हणजे ४ बाय ५ इंच किंवा त्याहून मोठी फिल्म, एका तावावर एकच फोटो. कॅमेऱ्यासाठीची अशी फिल्म खिशाला चाट लावते. एक्स-रेची बरीच स्वस्त पडते. मागताना 'ग्रीन सेन्सिटिव्ह' आणि रसायनात धुवायचीच मागा. हल्ली प्रिंटरमधून निघते ती कोरडी फिल्म इथे निरुपयोगी.

कॅमेरा? आतून काळा केलेला, कुठूनही उजेड न शिरणारा खोका. टूलरूममधल्या शिमच्या, म्हणजे पातळ पत्र्याच्या, तुकड्याला अर्ध्या मिलिमीटरचं भोक पाडा, बर घासून काढा आणि फिल्मपासून १५ सेंटिमीटरवर बसवा. समोरच्या प्रत्येक बिंदूकडून प्रकाशाची बारीकशी शलाकाच आत येते आणि अख्खं दृश्य उलटं होऊन फिल्मवर उतरतं. मग भोक आणखी बारीक केलं, तर चित्र आणखी रेखीव? नाही ना! फार बारीक भोकातून जाताना प्रकाश स्वतःच पसरतो आणि चित्र पुन्हा धूसर होतं.

भर उन्हात भोक पाच-दहा सेकंद उघडं ठेवावं लागतं. तेवढ्यात चालती माणसं पुसट होतात. चाकणच्या तळेगाव चौकातली वाहनं मात्र स्पष्ट येतील, ती हलतात कुठे?

आता खरी नवलाई. उघडलेली फिल्म अजून कोरीच दिसते. चांदीच्या क्षाराच्या एकेका कणात, ज्यात अब्जावधी अणू असतात, प्रकाशाने जेमतेम चारेक अणूंची चांदी केलेली असते. पण चमचाभर विरजणाने पातेलंभर दूध विरजावं, तसं डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनात, त्या चार अणूंपाशी सुरुवात होते आणि सगळा कण चांदी होऊन जातो. ज्या जिलेटिनमध्ये हे कण बसवलेले असतात, त्याचाही यात हात असतो. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांचं. काही जिलेटिनमुळे फिल्म जास्त संवेदनशील का होते, याचा छडा १९२५मध्ये कोडॅकच्या सॅम्युअल शेपर्ड यांनी लावला. कारण निघालं मोहरीच्या तेलात असतात त्या जातीची गंधकयुक्त द्रव्यं!

आणि डेव्हलपरमध्ये चित्र उमटताना तुम्हाला डोळ्यांनी बघता येतं, कारण या फिल्मला लाल रंग दिसतच नाही. मंद लाल दिव्याखाली ती बिनधास्त उघडा. पणजीच्या जुन्या फोटोतलं कुंकू काळंकुट्ट का, त्याचं उत्तरही इथेच आहे: त्या काळी फिल्मऐवजी वापरायच्या काचा अशाच, लाल न दिसणाऱ्या. आपली लाल एसटीही या फिल्मवर काळीच येणार.

डेव्हलपर घरीही जमतो. लिटरभर पाण्यात ५४ ग्रॅम निर्जल धुण्याचा सोडा, १६ ग्रॅम क जीवनसत्त्व, ४० ग्रॅम इन्स्टंट कॉफी. वास भयंकर, पण फोटो निघतो! द्रावण २० अंशांवर असेल तर साधारण १५ मिनिटं. आपल्या उन्हाळ्यात ट्रेखाली बर्फाचं पाणी हवंच. फिल्मला दोन्ही बाजूंनी लेप असतो, नखानेही ओरखडा उठतो, म्हणून ट्रेच्या तळाशी गुळगुळीत काच ठेवा. शेवटी हायपोचं, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचं, द्रावण. चांदीचे क्षार त्यात विरघळतात हे जॉन हर्शेल यांना १८१९मध्येच समजलं होतं, फोटोग्राफी जगासमोर येण्याच्या वीस वर्षं आधी. फिल्मवर उरलेले क्षार हे द्रावण काढून टाकतं. नंतर भरपूर पाण्याने धुवा.

एन्लार्जर लागत नाही. निगेटिव्ह फोटोएवढीच, त्यामुळे लाल दिव्यातच ती फोटोच्या कागदावर ठेवायची, वर काच दाबायची आणि साधा बल्ब क्षणभर लावायचा. कागद त्याच ट्रेमधून काढला की उलटं सुलट आणि काळं पांढरं झालेलं असतं.