स्वयंपाकाचा गॅस : जमिनीलगतचा धोका

भोपाळमध्ये ‘गॅस’ हा शब्द उच्चारताच १९८४ च्या डिसेंबरमधील ती रात्र आठवते. २ व ३ तारखांच्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुटलेला विषारी वायू हवेहून जड असल्याने वस्त्यांतून जमिनीलगत पसरला. स्वयंपाकाचा गॅस हा सर्वस्वी वेगळा पदार्थ. त्याचा धोका विषाचा नसून आगीचा आहे. मात्र जडपणाचा गुण दोहोंत समान आहे आणि नेमका तोच घरोघरी दुर्लक्षिला जातो.

गळलेला गॅस वर न जाता फरशीवर साचतो. त्यामुळे केवळ वरचा झरोका उघडा ठेवून भागत नाही. सिलिंडर ओट्याखालील कपाटात असल्यास त्याच्या दारांना तळाशी जाळी हवी. येथे बाट्या भाजण्यासाठी शेगडीवर तंदूर चढवितात. त्याखालची ज्योत विझली तरी दिसत नाही, गॅस मात्र वाहतच राहतो. तंदूर तापत असताना ओट्यापासून दूर जाऊ नये.

मूळच्या गंधहीन गॅसमध्ये उग्र वास मुद्दाम मिसळलेला असतो. तो येताच रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि विजेच्या कोणत्याही बटणास हात लावू नये. दिवा मालवितानाही ठिणगी पडते. पंखा लावून वास घालविण्याची सवय तर सर्वांत घातक. मग घराबाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे.

रबरी नळी ५ वर्षांनी बदलावी. तडे दिसल्यास त्याआधीच. रात्री निजण्यापूर्वी केवळ शेगडीची कळ नव्हे, रेग्युलेटरही बंद करावा.