चढापेक्षा उतार अवघड

अवजड गाडी ओढत डोंगर चढणे कठीण, की उतरणे? तुम्ही म्हणाल, चढणे. गणित काय सांगते ते पाहू.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात आयझेनहॉवर बोगदा सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. तेथून सिल्व्हरथॉर्न गावापर्यंत रस्ता सुमारे ७०० मीटर खाली उतरतो. समजा, एक डिझेल पिकअप मागे चाकांवरचे घर जोडून हा उतार उतरत आहे. दोहोंचे वस्तुमान मिळून ७,००० किलोग्रॅम.

स्थितिज ऊर्जा = वस्तुमान × गुरुत्व त्वरण × उंची = ७,००० × ९.८ × ७०० = सुमारे ४ कोटी ८० लाख ज्यूल.

एवढ्या उष्णतेने १६० लिटर पाणी ३० अंशांपासून १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापेल!

वेग वाढू द्यायचा नाही, तर ही ऊर्जा कोठे जाणार? थोडी हवेच्या रोधात खर्च होते. उरलेली सगळी ब्रेकवर टाकली, तर ब्रेक अतिशय तापून त्यांचे घर्षण घटते. ब्रेकमधील द्रव उकळला, तर पेडल नुसतेच खाली जाते.

म्हणून खालचा गिअर टाकून इंजिनाकडूनच रोध करवून घेतात. पण साध्या डिझेल इंजिनात हवा मोकळेपणी आत येते आणि दाबलेली हवा स्प्रिंगप्रमाणे दट्ट्याला परत ढकलते. त्यामुळे रोध कमी पडतो. यावर उपाय म्हणजे एक्झॉस्ट ब्रेक. धूर बाहेर पडण्याची वाट आवळली, की दट्ट्यांना हवा जोराने बाहेर रेटावी लागते. ऊर्जा तेथे खर्च होते.

ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी या उतारावर खडीचे फाटे बांधले आहेत. पण शहाणा चालक उतार सुरू होण्यापूर्वीच गिअर बदलतो.