शिलेदार व्हायचंय? मग घोड्याचं गणित शिका!

दोस्तांनो, मनमाड सोडून गाडी भुसावळच्या दिशेने निघाली, की थोड्या वेळाने नांदगाव लागतं. नाशिक जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोऱ्या साहेबांच्या प्रवास-पुस्तकांत या स्टेशनचं नाव हमखास असायचं. का, सांगा पाहू? कारण वेरूळची लेणी पाहायची, तर नांदगावला उतरायचं आणि पुढची लांबलचक वाट टांग्याने कापायची!

मग १९०० च्या सुमारास मनमाडहून औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, रेल्वे सुरू झाली. प्रवाशांची वाटच वळली. आता विचार करा, ज्या टांगेवाल्याचा घोडा स्वतःचा असेल, त्याचं काय झालं असेल? त्याला कामावरून काढणारा मालक नव्हता, हे खरं; पण पगार देणाराही नव्हता. घोडा मात्र रोज सकाळी चंदी मागणारच!

हे आज सांगायचं कारण म्हणजे, "मी नोकरी करणार नाही, स्वतःचं काम करीन," असं तुमच्यापैकी बरेच जण म्हणतात. कुणाला चित्रं काढायची असतात, कुणाला भाषांतरं करायची, कुणाला कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहायचे. अशांना इंग्रजीत फ्रीलान्सर म्हणतात. लान्स म्हणजे भाला. सर वॉल्टर स्कॉटच्या 'आयव्हॅन्हो' या कादंबरीत पैसे घेऊन लढणाऱ्या भालाइतांसाठी हा शब्द आला आहे. पण मला विचाराल, तर आपला शब्द त्याहून झकास आहे : शिलेदार! मराठ्यांच्या घोडदळात बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदार मात्र स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येई. त्याला बारगिरापेक्षा जास्त पैसे मिळत. का मिळत? घोड्याची वैरण त्याच्याच खिशातून जायची ना!

नवे शिलेदार नेमकी हीच वैरण विसरतात. समजा, एका ताईला घरबसल्या भाषांतराचं काम करायचं आहे. महिन्याला १२,००० रुपये सुटले पाहिजेत, असं ती ठरवते. मग १२,००० भागिले ३०, म्हणजे दिवसाचे ४०० रुपये. झालं गणित? साफ चुकलं! रविवारचे ४ दिवस वजा करा. काम शोधण्यात, दुरुस्त्यांत आणि पैशांसाठी खेटे घालण्यात आणखी ८ दिवस जातात, तेही वजा करा. उरले १८. कॉम्प्युटर, वीज आणि इंटरनेटचे धरा ३,०००. एखाद्या महिन्यात कामच आलं नाही तर? त्यासाठी बाजूला ३,००० टाका. एकूण झाले १८,०००. भागिले १८. म्हणजे दिवसाचा दर १,००० रुपये! आकडे उदाहरणापुरते आहेत, पण ४०० आणि १,००० मधली दरी बघा. ४०० सांगणारी ताई दिवसरात्र राबेल आणि वर्षभरात "यात काही राम नाही" म्हणून नोकरी शोधायला लागेल.

दर सांगताना जीभ अडखळते, हे मला ठाऊक आहे. मी पहिल्यांदा एका गृहस्थांना माहितीपुस्तिका लिहून दिली. "किती घेणार?" त्यांनी विचारलं. मी लाजून म्हटलं, "द्या काय ते!" त्यांनी पाच वेळा मजकूर बदलून घेतला आणि शेवटी चहा पाजला. चहा छान होता. पण त्या दिवसापासून मी आधी चार ओळी लिहून पाठवतो : काम काय, कधी देणार, दुरुस्त्या किती वेळा, पैसे किती आणि इसार किती. इसार हातात पडल्याशिवाय पेन उचलत नाही. (ओळखीतल्या माणसाकडे तर आधी मागतो!) एक मात्र लक्षात ठेवा. १८ वर्षं पूर्ण होण्याआधी तुम्ही केलेला करार कायद्याने टिकत नाही. तोवर मोठं काम घेताना आई-बाबांना सोबत घ्या.

बरं, सगळं नीट केलं आणि वाटच वळली तर? हाताने पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांवर फ्लेक्सच्या छपाईने तीच वेळ आणली. म्हणून एकाच गिऱ्हाइकावर सगळा भार टाकू नये. गोव्याहून आलेले चित्रकार दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) पाहा. मुंबईत त्यांनी स्वतःचा दलाल आर्ट स्टुडिओ थाटला. प्रकाशकांसाठी मुखपृष्ठांमागून मुखपृष्ठं केली. पण प्रकाशकाचा निरोप येण्याची वाट बघत ते बसले नाहीत. १९४५ पासून त्यांनी स्वतःचा 'दीपावली' अंकच सुरू केला! दुसऱ्यांसाठी चित्रं काढणारा माणूस स्वतःच स्वतःला काम देऊ लागला. मला त्यांच्या रंगांइतकीच ही युक्ती आवडते.

तुम्हाला आत्ता काय करता येईल? १० वर्षं पूर्ण झाली असतील, तर पोस्टात स्वतःच्या नावाचं बचत खातं उघडून ते स्वतः चालवता येतं. आणि या रविवारी एक काम करा. वही-पेन्सिल घेऊन गावच्या स्टँडवर जा आणि स्वतःची रिक्षा चालवणाऱ्या एखाद्या काकांना अदबीने विचारा : "काका, महिन्यातले किती दिवस रिकामे जातात? त्या दिवसांचे पैसे कुठून काढता?" गिऱ्हाईक आलं, तर मध्येच थांबवू नका. जाऊ द्या त्यांना. परत येईपर्यंत तिथेच थांबा.