सूज चोळून नव्हे, हळुवार हाताने उतरते

प्रतिनिधी, वसई

पाय सुजला की कोमट तेल लावून जोराने चोळावा, हा सल्ला कळंब-राजोडीच्या किनारपट्टीपासून मुंबईपर्यंत कोणत्याही घरात ऐकायला मिळतो. दमलेल्या पायांना त्याने आराम मिळतही असेल. मात्र लसिकावाहिन्यांतील बिघाडामुळे आलेल्या सुजेवर हाच उपाय अपायकारक ठरू शकतो. अशा सुजेसाठी असलेली मसाजची पद्धत अगदी वेगळी आहे.

रक्तातून पेशींभोवती झिरपणारा काही द्रव आणि प्रथिने गोळा करून पुन्हा रक्तात पोहोचविण्याचे काम लसिकावाहिन्या करतात. वाटेत मान, काख व जांघेतील ग्रंथींमध्ये हा द्रव गाळला जातो. जखम चिघळल्यावर येणारे ‘अवधाण’ म्हणजे याच ग्रंथींची सूज. या वाहिन्या निकामी झाल्या की द्रव साचतो, प्रथिनांमुळे त्वचा जाड होत जाते आणि सूज कायमची घर करते.

आपल्याकडे याचे एक प्रमुख कारण म्हणजे हत्तीरोग. राज्यातील हत्तीरोगप्रवण जिल्ह्यांत ठाणे व पालघर यांचाही समावेश राहिला आहे. तुंबलेली गटारे व शौचटाक्यांतील घाण पाण्यात वाढणारे क्युलेक्स डास या रोगाचे जंतू पसरवितात. सामुदायिक औषधोपचार मोहिमेतील गोळ्यांनी प्रसार रोखला जातो. जुनी सूज मात्र त्याने सहसा उतरत नाही. दुसरे कारण स्तनाच्या कर्करोगाचे. शस्त्रक्रियेत काखेतील ग्रंथी काढल्यावर किंवा किरणोपचारानंतर काही महिलांचा हात सुजतो. ही सूज कधी कधी अनेक वर्षांनीही उद्भवते.

हात कसा फिरवतात?

एमिल व एस्ट्रिड व्होडर या डॅनिश दाम्पत्याने १९३०च्या दशकात फ्रान्समध्ये ही पद्धत विकसित केली. लसिकावाहिन्यांचे जाळे त्वचेच्या लगेच खाली असल्याने येथे स्नायू दाबायचे नसतात. केवळ त्वचा हलकेच ताणून सोडायची असते. सुरुवातही सुजलेल्या भागापासून होत नाही. आधी मान आणि धडाचा निरोगी भाग मोकळा केला जातो, मग क्रमाने सुजलेल्या हाताकडे वा पायाकडे वळतात. पुढची वाट मोकळी झाल्यावरच मागचा द्रव सरकतो, हे त्यामागचे तत्त्व.

एकटा मसाज पुरेसा नाही

मसाजनंतर दाब देणारी पट्टी बांधली नाही, तर द्रव पुन्हा साचतो. स्तनाच्या कर्करोगानंतरच्या सुजेबाबत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यानुसार मसाज सुरक्षित आहे. परंतु सूज उतरविण्यात मोठा वाटा पट्टीचा असून, मसाजमुळे त्यात थोडी भर पडते. सौम्य सुजेत हा लाभ अधिक दिसला. म्हणूनच मसाज, पट्टी, व्यायाम आणि त्वचेची निगा हे चारही उपचार एकत्र केले जातात. केरळमधील कासरगोड येथील ‘इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड डर्मेटॉलॉजी’ने त्यांना योग व आयुर्वेदाची जोड देऊन हत्तीपायाच्या रुग्णांसाठी उपचारपद्धती तयार केली आहे.

लघवी वाढविणाऱ्या गोळ्या अनेकजण परस्पर घेतात. त्या हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारातील सुजेवर दिल्या जातात. लसिकेच्या सुजेत त्या पाणी काढतात, प्रथिने तशीच राहतात.

केव्हा टाळावा?

- ताप, लाली वा जंतुसंसर्ग असताना
- पायातील शिरेत रक्ताची गुठळी झाल्यास. एकच पाय अचानक सुजून दुखू लागल्यास त्वरित तपासणी आवश्यक
- हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार आटोक्यात नसताना
- कर्करोगाचे उपचार सुरू असल्यास डॉक्टरांच्या परवानगीशिवाय

किनाऱ्यावरील गावांतून उपचारासाठी रोज लोकलने मुंबई गाठणे अनेकांना परवडणारे नाही. त्यामुळे प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडून ही पद्धत एकदा नीट शिकून घरी रोज करणे हाच व्यवहार्य मार्ग ठरतो. त्याबरोबर पाय रोज साबणाने धुणे, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवणे, बसताना पाय उंचावर ठेवणे आणि चिखलात वा वाळूत अनवाणी न जाणे हेही तितकेच महत्त्वाचे. बारीकशा चिरेतून शिरलेला संसर्ग सूज आणखी वाढवितो आणि प्रत्येक वाढीबरोबर ती उतरविणे अधिक कठीण होत जाते.