आकडे डोक्यात बसत नाहीत? घरी शिकणाऱ्या लेकराला आधी पेंढ्या बांधू द्या

नऊ वर्षांची मुलगी. गोष्टीचं पुस्तक घडाघडा वाचते. गोठ्यातली कोणती शेळी कधी व्याली, हे तिला तोंडपाठ. पण आठ आणि पाच किती, असं विचारलं की आधी आठ बोटं उघडते, पुढचे पाच मोजायला बोटं पुरत नाहीत, आणि गाडी पुन्हा एकपासून सुरू. सहाचा पाढा रात्री पाठ होतो, सकाळी गायब. घड्याळाचा काटा दिसतो, वाजले किती ते कळत नाही. शाळेतला ओरडा नको म्हणून घरच्यांनी तिला घरीच शिकवायला घेतलं, तर महिनाभरात ओरडा घरी सुरू झाला. असं लेकरू कुठल्याही गावात असू शकतं. 'ढ आहे', 'लक्षच देत नाही' एवढ्यावर बहुतेकदा विषय संपतो.

अशा मुलांपैकी काहींना डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे गणन अक्षमता असते. बुद्धी कमी असण्याशी याचा संबंध नाही. फरशीवर तीन-चार चिंचोके टाकले तर आपल्याला ते न मोजताच किती आहेत ते दिसतं. या मुलांना बऱ्याचदा तेही एकेक करून मोजावे लागतात. लंडनचे मानसशास्त्रज्ञ ब्रायन बटरवर्थ यांनी यावर अनेक वर्षं काम केलं. 'किती' ही उपजत जाणच इथं कच्ची राहते, असं त्यांचं म्हणणं. साधारण 5 ते 7 टक्के मुलांना हा त्रास असतो, असं अभ्यासक मानतात. म्हणजे तीस मुलांच्या वर्गात एखाद-दोन.

त्यामुळे पाढे घोकून घेणं हा उपाय इथं चालत नाही. सहा म्हणजे किती हेच मनात उभं राहत नसेल, तर सहाचा पाढा हे नुसतं अर्थ नसलेलं गाणं होतं. ते विसरणारच.

त्यात मराठीची स्वतःची एक अडचण आहे, ती फारशी कुणी लक्षात घेत नाही. त्रेपन्न म्हणताना आधी तीन येतो, मग पन्नास. लिहिताना मात्र आधी पाच, मग तीन. लेकरू 35 लिहितं आणि मार खातं. एकोणसाठ म्हणजे साठला एक कमी. कानावर पडतो साठ, पाटीवर मात्र पाच आधी लिहायचा. अक्कलकोट, जत भागातल्या कन्नड बोलणाऱ्या घरांत हा गोंधळ कमी, कारण कन्नडमध्ये वीस आधी आणि एक नंतर म्हणतात. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! चेष्टा झाली, विषय विधानसभेत गेला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर समजावून सांगत होत्या की जोडाक्षरं आणि उलटा क्रम लहान मुलांना अवघड जातो. जुनी नावं पुस्तकात होतीच. पण चेष्टेच्या आवाजात ते फारसं कुणी ऐकलं नाही. साध्या मुलाला ही पद्धत सोय म्हणून उपयोगी पडते, डिस्कॅल्क्युलिया असलेल्या मुलाला तर तिची गरजच असते. घरी शिकवताना दोन्ही नावं जोडीनं म्हणावीत : "पन्नास तीन, त्रेपन्न." हातात वस्तू असताना.

वस्तू मात्र हव्याच, आणि त्या विकत आणायची गरज नाही. शेतकऱ्याच्या पोराला पेंढी ठाऊक असते. कडब्याचा भाव शेकड्यावर ठरतो हेही त्यानं ऐकलेलं असतं. तुरीच्या नाहीतर झाडूच्या काड्या सारख्या लांबीच्या तोडून दहा-दहाच्या पेंढ्या त्यालाच बांधू द्याव्यात. त्रेपन्न म्हणजे पाच पेंढ्या आणि तीन सुट्या काड्या. वजाबाकीत हातचा घ्यायचा म्हणजे एक पेंढी सोडायची. वहीवरचा 'हातचा' बऱ्याच मोठ्यांनाही कधी कळलेला नसतो. पेंढी सोडताना तो डोळ्यांना दिसतो. आधी काड्या, मग काड्यांचं चित्र, आणि नंतर कधीतरी आकडे. ही उडी लवकर मारायची घाई पालकच करतात.

दुसरं साधन म्हणजे अंड्यांचा तीसचा ट्रे. त्यातून पाच-पाच खळ्यांच्या दोन रांगा कापल्या की दहाचा साचा तयार. आठ खळ्यांत चिंचोके ठेवले की दोन रिकामी दिसतात. पाचातले दोन तिथं गेले, तीन उरले, झाले दहा आणि तीन. एकपासून मोजायची सवय इथं हळूहळू सुटते. आठवडे लागतात, कधी महिने. काल आलेलं आज विसरलं तर पुन्हा ट्रे काढायचा, बोलणी खायला लावायची नाहीत. भीती बसली की येत असलेलंही आठवत नाही. दिवसाला पंधरा-वीस मिनिटं पुरेत.

पाढ्यांचं काय? दोन, पाच आणि दहा एवढे तीन आधी पक्के करावेत. सहा साते हवं असेल तर सहा पंचे तीस, त्यात सहा दुणे बारा मिळवले की बेचाळीस. बाकीच्यांचा तक्ता भिंतीवर लावावा आणि बघू द्यावा. कॅल्क्युलेटर दिला तर मूल आळशी होईल ही भीतीही सोडावी. चष्मा लावणाऱ्याला कुणी आळशी म्हणत नाही.

बाजारात तर वजाबाकीची गरजच पडत नाही. भाजी 35 ची, नोट 50 ची. पस्तीसवरून चाळीसला पाच, चाळीसवरून पन्नासला दहा, परत आले पंधरा. जुने दुकानदार असंच मोजून सुटे हातावर ठेवायचे. आता फोनवर पैसे जातात आणि लेकराला नोट-नाणं दिसतच नाही. आठवडी बाजारात निदान त्याच्या हातानं तरी रोख द्यावी.

घरी शिकवणाऱ्यांना दहावीची चिंता असतेच. एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेतून वयाच्या चौदाव्या वर्षानंतर दहावी देता येते आणि तिथं गणित सक्तीचं नाही. मात्र पुढे पॉलिटेक्निक किंवा विज्ञान शाखा मनात असेल तर गणित सोडण्याआधी नीट विचार करावा. दिव्यांग हक्क कायदा 2016 मधल्या 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे आणि डिस्कॅल्क्युलिया त्यातच मोडतो. प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. 2018 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार आठ वर्षांच्या आत हे प्रमाणपत्र मिळत नाही. त्यामुळे सहा वर्षांच्या लेकराला घेऊन हेलपाटे घालू नयेत.

सगळ्याच गणितकच्च्या मुलांना हा त्रास असतो असंही नाही. ऊसतोडीला गेल्यानं सहा-सहा महिने शाळा बुडाली, फळ्यावरचं नीट दिसत नाही, कानाला कमी येतं, अशी कारणंही असतात. म्हणून आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. नंतर जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात किंवा पंचायत समितीच्या गट साधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या तज्ज्ञांकडे चौकशी करावी. जाताना एक साधी वही न्यावी : मुलानं दोन-तीन महिन्यांत स्वतः सोडवलेली गणितं, न पुसता, चुकांसकट. कोणत्या दिवशी काय आलं आणि काय विसरलं, तेही तारीख घालून. अनेक पालक नेण्याआधी चुका खोडून वही नीटनेटकी करतात. तपासणाऱ्याला नेमक्या त्या चुकाच बघायच्या असतात.